भुंकण्याच्या अलीकडे

"घरात अगदी शहाणा आहे हो, पण खाली उतरवला की अंगात येतं त्याच्या." फोनवरचं पहिलं वाक्य बहुतेक वेळा हेच असतं. मग हळूहळू बाकीचं कळतं. लिफ्टचं दार उघडल्यावर समोर दुसरा कुत्रा दिसला, की हा दोन पायांवर उभा राहून गळा ताणतो. डिलिव्हरीवाल्याच्या हेल्मेटवर धावून जातो. घरातल्यांनी फिरवायच्या वेळा बदललेल्या असतात, भल्या पहाटे आणि रात्री सगळं सामसूम झाल्यावर. कमिटीचं पत्र आलेलं असतं. आणि फोन ठेवण्याआधी जरा आवाज उतरवून विचारतात, "मॅडम, तो चावरा झालाय का?"

पुण्यात मी कुत्र्यांना आणि त्यांच्या माणसांना शिकवण्याचं काम करते. 'बस', 'थांब', 'शेकहँड' शिकवायला मला क्वचितच कुणी बोलावतं. माझ्याकडे येतात ती भेदरलेली, लीशवर उसळणारी कुत्री. आम्ही त्यांना रिॲक्टिव्ह म्हणतो. लॉकडाउनमध्ये घरी आलेल्या पिल्लांची तर एक अख्खी पिढीच त्यात आहे. पिल्लाचा तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंतचा काळ जगाशी ओळख करून घेण्याचा असतो. अमेरिकेत बार हार्बर इथे स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून याचा अभ्यास केला. त्यांचं पुस्तक 1965 साली आलं. त्या आठवड्यांत ज्या पिल्लाने काठी टेकत चालणारे आजोबा, रिक्षा, शाळेची पोरं, दुसरी कुत्री पाहिली नाहीत, त्याला ती पुढे कायमची परकी वाटू शकतात. 2020 मध्ये तर रस्तेच ओस होते. लसी पूर्ण होईपर्यंत पिल्लाला रस्त्यावर उतरवू नका, असं डॉक्टर सांगतात ते बरोबरच आहे. पण त्याला कडेवर घेऊन मंडईच्या कोपऱ्यावर दहा मिनिटं उभं राहता येतं, आणि हे पिल्लू घरी आणणाऱ्यांना वेळेत कुणी सांगत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वागणं अचानक बदललं असेल तर मी आधी जनावरांच्या डॉक्टरांकडे पाठवते. कान आतून सुजलेला, दाढ किडलेली, मागचे पाय खुब्यात दुखणारे, अशा कुत्र्याच्या जवळ कुणी आलं की तो गुरगुरणारच. त्या अवस्थेत त्याला धडे देणं हा अन्याय आहे.

दुखणं नसेल, तर बहुतेक वेळा मुळाशी भीती असते. भुंकून तो एवढंच सांगत असतो, लांब राहा. सकाळी लवकर पेठेतल्या एखाद्या गल्लीत रस्त्यावरच्या कुत्र्यांकडे बघा. अनोळखी दोघं समोरासमोर आले, तर ते नाकासमोर सरळ चालत येत नाहीत. एक जण वळसा घेतो, मध्येच जमीन हुंगतो. दुसरा मान फिरवतो, अंग झटकतो, आणि प्रकरण मिटतं. आपण काय करतो? दोन मीटरच्या लीशवर, चार फुटी पॅसेजमध्ये, दोघांना तोंडासमोर तोंड करून आणतो. पळायची वाट आपणच बंद केलेली असते. मग उरतो तो आवाज.

त्या आवाजाच्या आधी बरंच काही घडतं, आणि माझा सगळा धंदा त्या आधीच्या काही सेकंदांत आहे. कुत्रा नाकाचं टोक चाटतो. झोप आलेली नसताना जांभई देतो. धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. डोळ्याचा पांढरा भाग कोपऱ्यातून दिसायला लागतो. शेपूट हलत असते, पण ताठ, वर, आणि माणसं म्हणतात, "बघा, खूश आहे." मुलं गळ्यात पडतात तेव्हाच्या फोटोंत तर हे सगळं एकत्र दिसतं. तो फोटो गोड म्हणून फिरतो आणि मला धडकी भरते.

रमी नावाची एक देशी कुत्री माझ्याकडे होती. हिंजवडीच्या एका बांधकामावरून एका कुटुंबाने तिला घरी आणलेलं. एक कान उभा, एक पडलेला. माणसांशी गोड, पण दुसरा कुत्रा दिसला की आकाशपाताळ एक करायची. आम्ही पार्किंगच्या एका टोकाला उभ्या राहिलो. दुसऱ्या टोकाला, गेटपाशी, शेजारच्या विंगमधल्या काकू त्यांच्या म्हाताऱ्या लॅब्राडॉरला घेऊन उभ्या होत्या. मी त्यांना तशी विनंतीच केली होती. रमीने त्याला पाहिलं, कान पुढे आले. मी उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्या नाकापाशी नेला. तिने तो ओठांनी अलगद उचलला. परत पाहिलं, परत तुकडा. थोडं पुढे गेलो. आता तुकडा घेताना तिचे पुढचे दात माझ्या बोटांना लागले. आणखी दोन पावलं, आणि तुकडा तिच्या तोंडातून खाली पडला. पडल्याचं तिला कळलंही नाही. मी तिला वळवून मागे घेऊन आले, दात लागले होते त्या जागेच्याही मागे, आणि तिथेच काम सुरू केलं. घास कसा घेतला जातोय, याच्याइतकी खरी खबर मला दुसऱ्या कशातून मिळत नाही. ओठांनी घेते तोवर ती शिकू शकते. दातांनी घेऊ लागली की जवळ आलो. घास गळला की त्या दिवशी तिथे शिकवण्यासारखं काही उरत नाही.

यात क्रम चुकून चालत नाही. आधी समोरचा कुत्रा दिसायचा, मग चिकन. चिकन आधी काढलं, तर चिकनची पिशवी हीच धोक्याची घंटा होऊन बसते आणि पुढे ती पाहूनच कुत्रा इकडेतिकडे बघायला लागतो. इव्हान पावलॉव्हला 1904 चं नोबेल मिळालं ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कुत्र्यांच्या लाळेने जे सांगितलं ते मात्र आमच्या धंद्याचा पाया झालं: खुणेमागोमाग खाणं येत राहिलं, की खुणेचा अर्थच बदलतो. लाळ गाळायची की नाही, हे कुत्रा ठरवत नाही. भीतीही तो ठरवून बाळगत नाही. म्हणून "भुंकणाऱ्याला खाऊ दिला तर भुंकायची सवय लागेल ना?" असं विचारतात तेव्हा मी सांगते, मुळात भुंकण्याची वेळ येणार नाही इतक्या लांब उभं राहायचं. आणि चुकून भुंकलाच, तरी त्याला घेऊन लांब जा आणि खुशाल खायला द्या. घाबरलेल्याला धीर दिल्याने भीती वाढत नाही.

हे काम कंटाळवाणं दिसतं. दहा मिनिटं, मग घरी. लीश हातात पतंगाच्या दोरीसारखी धरायची, ढील असली पाहिजे, पण भान सुटता कामा नये. ओढून धरलेली लीश कुत्र्याला सांगते की पुढे काहीतरी वाईट आहे. मधल्या एखाद्या दिवशी बाहेर नेलंच नाही तरी चालतं. लागोपाठचे धक्के कुत्र्याच्या अंगातून लगेच ओसरत नाहीत. जुन्या टॉवेलच्या घड्यांत खाऊ लपवून घरातच हुंगायला लावलं, तर पाऊण तासाच्या फेरीइतका तो दमतो आणि शांत झोपतो. मोठ्या कुत्र्याला दिवसाचे बारा-चौदा तास झोप लागते. मला भेटणाऱ्या चिडक्या कुत्र्यांपैकी कितीतरी नुसती झोपेला पारखी असतात, कारण घरात टीव्ही, बेल आणि येणंजाणं थांबतच नाही.

"त्याला दाखवा मालक कोण ते," हा सल्ला अजूनही मिळतो. गळ्यात चोक चेन घालतात, काटेरी पट्टा घालतात, मान धरून जमिनीवर दाबतात. कुत्र्यावर राज्य करायचं, हा विचार ज्यावर उभा राहिला ते निरीक्षण बंदिस्त लांडग्यांचं होतं. रुडॉल्फ शेंकेलने 1947 मध्ये ते छापलं. डेव्हिड मेक यांच्या 1970 च्या पुस्तकाने 'अल्फा' लांडगा घरोघरी पोचवला. पुढे एल्समिअर बेटावर मोकळ्या लांडग्यांसोबत उन्हाळे काढल्यावर मेक यांनीच 1999 मध्ये लिहिलं, की लांडग्यांचा कळप म्हणजे बहुधा आईबाप आणि त्यांची पिल्लं, एक कुटुंब. ज्याने कल्पना पसरवली त्यानेच ती मागे घेतली, तरी आमच्याकडे झटके चालूच आहेत. समोर कुत्रा दिसला की गळ्याला कळ, हे गणित कुत्रा फार लवकर शिकतो आणि समोरच्याचा आणखी द्वेष करतो. गुरगुरल्याबद्दल मारलं, तर भीती तशीच राहते, फक्त इशारा जातो. 'न सांगता' चावणारी कितीतरी कुत्री अशी माणसांनी घडवलेली असतात. या बाबतीत मला दुसरी बाजू दिसत नाही.

प्रशिक्षणाला महिने लागतात. तोवर रोजचा दिवस निभवायचा असतो, आणि ते निभावणं मी शिकवण्याइतकंच मोलाचं मानते. लिफ्टऐवजी जिना. जिना शक्य नसेल तर आधी माणसाने वाकून बघायचं, मग कुत्रा. पाहुणे यायच्या आधी आतली खोली, दार बंद, चघळायला काहीतरी. दाराला जाळी. दिवाळीत फटाके सुरू व्हायच्या आत फिरून यायचं, गळ्यात नाव-नंबराचा बिल्ला ठेवायचा, आणि फारच घाबरत असेल तर औषधाबद्दल डॉक्टरांशी सणाच्या कितीतरी आधी बोलून ठेवायचं. आणि तोंडाला मुसकं. नाव काढलं की घरच्यांचे चेहरे पडतात. पण जाळीचं, आत तोंड उघडून धापा टाकता येतील असं मुसकं, आत पनीर ठेवून दोन-तीन आठवडे सवय लावली, तर कुत्रा स्वतःहून नाक घालतो. कापडी, तोंड करकचून बंद करणारं मात्र नको. कुत्रा धापा टाकूनच अंग थंड ठेवतो. वैशाखात ते जिवावर बेतेल.

सोसायटीची बाजूही मला कळते. ज्या आजींना पॅसेजमध्ये एकदा अंगावर आलेला कुत्रा आठवतो, त्यांची भीतीही रमीच्या भीतीइतकीच खरी आहे. प्राणी कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळण्यावर किंवा विशिष्ट जातीवर बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. हे कागद दाखवत भांडणारे पालक मला भेटतात. त्यांना मी भारतीय न्याय संहितेचं 291 वं कलमही सांगते: आपल्या जनावरापासून दुसऱ्याच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर तो गुन्हा आहे. महापालिकेचा परवाना, दर वर्षीची रेबीजची लस, हातात लीश, खिशात पिशवी, एवढं केलेल्या माणसाशी कमिटी वेगळ्या सुरात बोलते, हे मी पाहिलेलं आहे. आणि चावा झालाच, तर वाद नंतर. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा.

सगळी कुत्री बरी होतात असं मी कुणालाही सांगत नाही. धनगराच्या वाड्यावर परका दिसताच भुंकणं हेच ज्याच्या पूर्वजांचं काम होतं, त्या देशी कुत्र्याने फ्लॅटमध्ये येऊन सगळ्यांना शेपूट हलवावी, ही अपेक्षाच अवाजवी आहे. रमी अजूनही दुसऱ्या कुत्र्यांशी खेळत नाही, खेळणारही नाही. पण रस्त्याच्या पलीकडून कुत्रा गेला तर ती बघते, मग वळून घरच्या मुलीकडे बघते आणि चालायला लागते. तिच्यासाठी हे पुरेसं आहे, आणि घरच्यांनीही ते पुरेसं मानलं, हे मला जास्त मोठं वाटतं.

तुमच्याकडे कुत्रा नसला तरी एक गोष्ट करा. तुम्हाला पाहून कुणी कुत्र्याला घेऊन एकदम रस्ता ओलांडला, गाडीमागे थांबला किंवा आल्या पावली वळला, तर तो माणूस तुसडा आहे असं समजू नका. "मला कुत्री फार आवडतात" म्हणत हात पुढे करून जाऊ नका, आपला मोकळा कुत्रा "आमचा काही करत नाही" म्हणून त्यांच्यावर सोडू नका. थोडं थांबा, त्यांना जाऊ द्या.