देवळातील दाखला

आमच्या देवस्थानच्या भजनवर्गासाठी नवे पखवाजगुरुजी ठरले, तेव्हा पोलीस-दाखला मागण्याचे अप्रिय काम वकील म्हणून आमच्याकडेच आले. एक वयोवृद्ध महाजन म्हणाले, "देवाच्या दारात संशय?"

बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याखाली २०२० साली झालेले नियम आम्ही वाचून दाखविले : मुलांशी नित्य संबंध येणाऱ्या संस्थेतील प्रत्येक कर्मचाऱ्याची, तो कंत्राटी असला तरी, वेळोवेळी पोलीस-पडताळणी झालीच पाहिजे. तरी जीभ अडखळलीच. दाखला एवढेच सांगतो की नोंद नाही. न नोंदविलेल्या अपराधाचा त्यात मागमूसही नसतो. शिवाय आमचा धाकटाही त्याच वर्गात बसतो.

गुरुजींनी शांतपणे अर्ज भरला व विचारले, "आणि आपले दाखले?"

पहिला अर्ज आमचाच गेला. वर्गाची दारेही आता उघडी असतात.