हात वर का जात नाही?

"पोरगं दहावीला गळालं, त्याला अभ्यासाची आवडच नाही," असं म्हणून मोकळं होणाऱ्यांना माझा साधा प्रश्न आहे. आवड रुजायच्या वयात त्याच्या वाट्याला काय आलं होतं?

आमच्या गावची बालवाडी देवळाच्या ओसरीवर भरायची. आम्ही बौद्धवाड्यातली पोरं पायरीखाली बसायचो. सुकडी आमच्या ओंजळीत वरून पडायची. कुणी मारलं नाही, शिवी दिली नाही. पण आपली जागा कुठली, हे आम्ही अ-आ-इ-ईच्या आधी शिकलो. पुढे आठवीत उत्तर येत असूनही माझा हात वर जात नसे. प्रगतिपुस्तकावर शेरा आला: 'अबोल'.

हा स्वभाव नव्हे, हे शिक्षण आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना वाट शोधायची कोडी सोडवायला दिली. २००४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जात जाहीर नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलं जवळपास बरोबरीची ठरली. सर्वांसमोर जात वाचून दाखवली आणि दलित मुलांची कामगिरी घसरली. कोडी तीच, डोकी तीच. मग कमी काय पडलं? बारा वर्षांचं होईपर्यंत मुलाला आपल्या जातीचा अर्थ पाठ झालेला असतो. वर्गात तो नुसता आठवून द्यावा लागतो.

यावर ठरलेला प्रतिवाद येतो: "बाबासाहेबही गोणपाटावर बसूनच शिकले ना?" शिकले. पण साताऱ्याच्या त्या शाळेमुळे नव्हे, तिच्याशी झुंजून. आणि घरी लष्करी शाळेत शिकवलेले रामजी सुभेदार होते, मुलांना रोज वाचायला बसवणारे. ज्याचे आईबाप सहा महिने उसाच्या फडात असतात, त्या पोराने रामजी कुठून आणायचे?

तिथे सरकारची जबाबदारी सुरू होते. अंगणवाडी योजना २ ऑक्टोबर १९७५ पासून आहे. पण २००२ च्या ८६व्या घटनादुरुस्तीने शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला तो ६ ते १४ वयाला. सहाच्या आतलं मूल कलम ४५ मध्ये, मार्गदर्शक तत्त्वांत ठेवलं. म्हणजे ज्या वयात पाया पडतो, त्या वयाचा हक्क कोर्टात मागता येत नाही. आणि हा पाया घालणाऱ्या सेविकेला पगार नाही, मानधन!

आपण दहावीच्या गुणवंतांचे सत्कार करतो. जरूर करावेत. पण अंगणवाडी वस्तीत हवी, सेविकेला वेतन हवं आणि सहाच्या आतल्या शिक्षणाला मूलभूत हक्काचा दर्जा हवा, यासाठी आपले किती मोर्चे निघाले? येत्या सोमवारी आपापल्या अंगणवाडीत जा. कोण कुठे बसतं, कुणाला शेवटी वाढलं जातं, ते पाहा आणि तिथेच जाब विचारा. दहा वर्षांनी विचारून उपयोग नाही.

जयभीम.