थोमाचे आठ दिवस

आमच्या घरी जेवणाआधी प्रार्थना करायची पद्धत आहे. लहानपणी समोर वरणभाताची वाफ येत असताना डोळे मिटून बसायचं म्हणजे शिक्षाच वाटायची. धाकटा भाऊ एक डोळा किलकिला करून पापड ढापायचा आणि 'आमेन' मात्र सगळ्यांत मोठ्यांदा म्हणायचा. २०२१ च्या एप्रिलमध्ये, करोनाच्या दुसऱ्या लाटेत, तो गेला. त्यानंतर कितीतरी महिने मी जेवणाआधी डोळे मिटत होते, हात जोडत होते, पण आत एक शब्दही म्हणत नव्हते. कुणाला कळत नाहीये असं आपलं मला वाटायचं.

अकरा दिवस तो दवाखान्यात होता. रोज रात्री नऊ वाजता आमची साखळी प्रार्थना. पुण्याहून आम्ही, नगरहून मावशी, मस्कतहून मामा-मामी, सगळे फोनवर. नवव्या दिवशी त्याचा ऑक्सिजन जरा वर आला. आम्ही रडत रडत देवाचे आभार मानले. मामांनी तर उपकारस्तुतीचं गीतही सुरू केलं. अकराव्या दिवशी पहाटे दवाखान्यातून फोन आला.

लोकांना वाटतं, 'तो का गेला' हा आपला प्रश्न असतो. माझा वेगळाच होता. त्या नवव्या रात्रीच्या आभारांचं आता काय करायचं? परत मागायचे? खोट्या नोटेसारखे ते कितीतरी दिवस माझ्या हातात राहिले होते.

भेटायला आलेल्या एका बाईंनी सांगितलं, "कुठंतरी आपला विश्वास कमी पडला बघा." मी उठून आत गेले. आई मात्र तिथंच बसून राहिली. शांतपणे म्हणाली, "गेथशेमाने बागेत प्रभूनंही प्याला टळू दे म्हणून विनवलं होतं. टळला नाही. त्याचा काय विश्वास कमी पडला होता?" बाई चहा न घेताच गेल्या. (आईला नंतर त्याचंच जास्त वाईट वाटलं!)

ऑक्टोबरमध्ये देवळं, मशिदी, चर्च पुन्हा उघडली. आईला एकटीला पाठवणं बरं दिसेना, म्हणून मी सोबत जायला लागले. बाकावर बसायचं, सगळे उभे राहिले की उभं राहायचं, गीताच्या वेळी तोंड बंद. ढोंग करतोय असं वाटायचं. एका रविवारी पाळकसाहेबांनी थोमाचा उतारा घेतला. म्हटलं, झालं! आता शंका घेणाऱ्यांना टोमणे. उपदेशाकडे माझं फारसं लक्ष नव्हतं, पण उतारा वाचून झाल्यावर दोन शब्द मनात अडकून राहिले. आठ दिवस.

थोमाची गोष्ट आपण किती घाईनं सांगतो. जखमा पाहिल्याशिवाय मानणार नाही म्हणाला, मग प्रभू आला, मग त्यानं मानलं. पण योहानानं मध्ये आठ दिवस ठेवलेत. त्या दिवसांत त्यानं काय केलं असेल? बाकीचे दहाजण आनंदात. 'आम्ही पाहिलं' म्हणून सांगतायत, आणि हा एकटा गप्प. तरी आठ दिवसांनी प्रभू पुन्हा येतो तेव्हा थोमा त्याच घरात आहे. त्यानं घर सोडलं नाही आणि कुणी त्याला बाहेरही काढलं नाही. आणि हाच थोमा आधी, बेथानीच्या वाटेवर जिवाची भीती होती तेव्हा, चला, त्याच्याबरोबर मरायला जाऊ, असं म्हणाला होता. अशा माणसाचं नाव आपण शंकेखोरपणासाठी राखून ठेवलं, हा मला अन्यायच वाटतो.

मी भरवसा म्हणजे देव माझ्या मनासारखं करील याची खात्री असंच धरून चालले होते. ती खात्री एप्रिलमध्येच गेली. पण मग मी दर रविवारी त्या बाकावर कुणाशी अबोला धरून बसत होते? जो नाहीच, त्याच्याशी कोण रुसतं?

त्या वर्षी पंडिता रमाबाईंबद्दल पुन्हा वाचलं. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण त्यानंतरही सिस्टर जेराल्डिनना पत्रांतून प्रश्न विचारणं त्यांनी थांबवलं नाही. चर्च सांगतं म्हणून एखादी गोष्ट मान्य करायला त्या तयार नव्हत्या. १९२१ मध्ये एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तेव्हा रमाबाई केडगावला (नगरजवळचं नव्हे, दौंडच्या अलीकडचं) हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणत होत्या. ते काम त्यांनी सोडलं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. मुलीच्या मागे उरलेल्या त्या महिन्यांत, विलापाच्या ओळींवरून नजर फिरवताना त्यांच्या मनात काय येत असेल, हे मला राहून राहून वाटतं.

आईच्या बायबलमध्ये अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्राशी खूण ठेवलेली सापडली. बाकीची विलापस्तोत्रं बहुतेक शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. मी विचारलं, "हेच का गं?" ती म्हणाली, "यात खोटं बोलावं लागत नाही."

म्हणजे तिला सगळं कळत होतं. माझी बंद तोंडाची प्रार्थनासुद्धा.

त्याच रात्री जेवताना ती म्हणाली, "आज तू कर प्रार्थना." मी म्हटलं, "मला नाही जमायची." "जेवढं खरं आहे तेवढंच म्हण." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. वहिनी ताटाकडे बघत होती. शेवटी मी म्हणाले, "प्रभू, तू त्याला का नेलंस ते मला कळलेलं नाही, आणि मी अजून रागावलेली आहे. त्या नवव्या रात्रीचे आभार तुझ्याकडेच राहू देत. या अन्नासाठीही आभार."

आमेन होईपर्यंत आमटी गार झाली होती. आई ती पुन्हा गरम करायला उठली.