रंजना आत जात नाही

'महल' नाटकात आणतोय म्हटलं की लोक पहिला प्रश्न विचारतात : भूत कसं दाखवणार?

खुलताबादेत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न फार अवघड वाटत नाही. आमच्या गावात औरंगजेबाची उघडी, मातीची कबर आहे, मलिक अंबरचा मकबरा आहे, पहिला निजाम इथेच पुरलेला आहे. शिवाय पावलापावलावर सुफींचे दर्गे. या सगळ्यांच्या मधून दप्तर घेऊन शाळेत जाणाऱ्या पोरांना कबरीचं काय भय? भय होतं ते जिवंत माणसांच्या अंगात येणाऱ्या गोष्टींचं. त्याबद्दल घरात मोठ्यानं बोलत नसत.

कमाल अमरोहींचा हा पहिला सिनेमा, १९४९चा, बॉम्बे टॉकीजचा. हरिशंकर एका जुन्या महालात राहायला येतो आणि भिंतीवर स्वतःसारख्याच माणसाचं चित्र बघतो. कधीकाळी तिथे एक मालक होता, कामिनी नावाची त्याची प्रेयसी होती आणि दोघंही मेली, हे त्याला कळतं. मग कामिनी दिसू लागते. शेवटी कळतं की ते भूत नव्हतंच. ती होती माळ्याची मुलगी आशा.

मधुबाला तेव्हा सोळा वर्षांची. गाणारी लता विशीतली. गाणं दुरून जवळ येतंय असं वाटावं म्हणून लताबाई खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत आल्या, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. आणि तबकडीवर गायिकेचं नाव छापलं होतं 'कामिनी'. म्हणजे गाणारीसुद्धा काही काळ भूतच होती! मला हा किस्सा सिनेमापेक्षाही आवडतो.

सिनेमातलं गाणं आम्ही घेतलं नाही. पण चालत येण्याची युक्ती घेतली. एका मुलीला शाळेच्या मागच्या भिंतीपलीकडे उभं केलं आणि जात्यावरची ओवी म्हणत पुढे यायला सांगितलं. पहिल्या तालमीलाच पोरांच्या अंगावर काटा आला. लंडनमध्ये 'द वुमन इन ब्लॅक' हे नाटक दोन नटांवर आणि एका वेताच्या पेटाऱ्यावर २०२३पर्यंत चाललं. सुझन हिलच्या १९८३च्या कादंबरीवरून १९८७मध्ये ते रंगमंचावर आलं. पेटाऱ्याची कधी घोडागाडी होते, कधी आणखी काही. थोडक्यात, भूत स्वस्तात होतं. आपल्याकडे 'सविता दामोदर परांजपे' उलट्या वाटेनं गेलं, आधी नाटक आणि २०१८मध्ये सिनेमा. तिथेही भुतापेक्षा झपाटलेल्या बाईकडेच बघावं लागतं. आणि तुकोबांनी तर पंढरीच्या विठोबालाच भूत म्हटलंय. आपल्या लोकांना भूत म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

अडलं ते रंजनापाशी. रंजना म्हणजे हरिशंकरची बायको. कामिनीचा नाद सुटावा म्हणून त्याचं लग्न लावून देतात आणि तो बायकोला घेऊन लांब, ओसाड जागी जातो. तिच्याकडे तो बघतही नाही. शेवटी ती विष घेते आणि नवऱ्यानंच विष दिलं असं पोलिसांना सांगून मरते. सिनेमात तिचं काम फार नाही. कॅमेरा हरिशंकरच्या मागे गेला की रंजना संपते. पुढचं दृश्य येईपर्यंत ती कुठे असते ते कुणी विचारत नाही.

आमच्या रंगमंचाला विंगच नव्हती. एक सिमेंटचा ओटा, दोन हॅलोजन, मागे पडदा. आत जायला जागा एकच, आणि तिथून कामिनी यायची. म्हणून रंजनाला ओट्याच्या कडेला खाटेवर बसवून ठेवावं लागलं. हरिशंकर महालात, चित्रासमोर, झोपाळ्यापाशी, आणि ही सगळा वेळ तिथेच. काम करणाऱ्या मुलीनं विचारलं, "सर, मी तोवर काय करू?" म्हटलं, तांदूळ निवड.

तिसऱ्या तालमीला आमची थोरली काकू आली. माझ्या लहानपणी काका महिनोन् महिने घरी नसत. कुठे असत ते सगळ्या गल्लीला माहीत होतं. त्याच वर्षांत काकूच्या अंगात यायला लागलं. मग उतारे झाले, गंडेदोरे झाले, तिला कुठे कुठे नेलं. ती केस सोडून घुमायची तेव्हा आम्हा पोरांना शेजारच्या घरी पाठवत. काकांना कुणी कुठे नेलं नाही.

काकूनं अख्खी तालीम बघितली. कामिनी आली तेव्हा तिनं पदराआड जांभई दिली. नंतर मला म्हणाली, "ही पोरगी कामून गप बसती रे? तिला काहीच म्हणायचं नाही का?"

"विष घेतल्यावर बोलते ना, काकू."

"मंग उशीरच झाला की."

मी रंजनाला संवाद दिले नाहीत. दिले असते तर ती बोलून मोकळी झाली असती, आणि बघणारेही मोकळे झाले असते. पण तांदूळ निवडणं वाढवलं. हरिशंकर कामिनीशी बोलत असताना सुपाचा आवाज बंद पडायचा, तो थांबला की पुन्हा सुरू. एवढंच.

प्रयोगाला कामिनी आली तेव्हा मागच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. ते मी धरूनच चाललो होतो. पण सूप थांबलं की बायकांच्या बाजूची कुजबुजही थांबायची. एकदा तर सूप जरा जास्तच वेळ थांबलं (मुलगी पुढचा प्रवेश विसरली होती), तेव्हा एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "ऊठ ना बाई आता."

काकू शेवटपर्यंत बसली. काही बोलली नाही. जाताना सूप आमच्या घरचंच होतं म्हणून मागून घेऊन गेली. पुढचा प्रयोग वेरूळला ठरतोय. तिथे खरी विंग आहे म्हणे. रंजनाला मी आत पाठवणार नाही. खाटेसाठी तिसरा दिवा मात्र लागेल, त्याचे पैसे जमवतोय.