गणेशपट्टी आणि लिंटल

मराठी ललित गद्यात ओसरी, माजघर, पडवी यांचे कौतुक पुष्कळ झाले. गॅरेजच्या वाट्याला ते कधी आले नाही. तरीही गेल्या उन्हाळ्यात लातूर येथील आमच्या घरामागे बारा फूट रुंदीचे गॅरेज बांधावयास काढले, आणि त्याच्या तीन उघड्या जागांवर काय टाकावे या एका प्रश्नाने आम्हां उभयतांस महिनाभर गुंतवून ठेवले. मोटारीसाठी नऊ फुटी दार, बाजूला तीन फुटी दार आणि मागे चार फुटी खिडकी, एवढाच काय तो व्याप.

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवतो. त्यामुळे पहिला वाद अर्थातच शब्दावरून झाला. मंदिराच्या दारावरील पट्टीच्या मध्यभागी ललाटबिंब असते, वाड्याच्या दारावर गणेशपट्टी असते. आमचा गवंडी मात्र सरळ ‘लिंटल’ म्हणतो, आणि तो म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कपाळही नसते, देवही नसतो. असते ते वरच्या विटांचे वजन.

या वादामागे एक लाकूड होते, हे सांगावयास हवे. आमच्यापैकी एकीचे आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीपासून फारसे दूर नाही. दीड-दोन हात रुंदीच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचे जड माळवद, असे ते घर होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या रात्री गणपती विसर्जित करून गाव झोपले असताना, ते कोसळले. त्यात आजी गेली. पुढे मामांनी ढिगाऱ्यातून दारावरची गणेशपट्टी काढून आणली आणि गोणपाटात गुंडाळून ठेवली. तीस वर्षे ती तशीच या माळ्यावरून त्या माळ्यावर फिरत राहिली. बाजूच्या तीन फुटी दारावर लिंटल म्हणून तीच बसवावी, असे आमच्या मनाने केव्हाच ठरवले होते. मोटारीच्या घराला गणेशपट्टी, यावर आमच्यातील दुसऱ्याने एक-दोन विनोद केले आणि वेळीच आवरते घेतले.

गवंड्याने पट्टी उताणी केली, हातोडीच्या दांड्याने दोन्ही टोकांशी ठोकून पाहिली आणि म्हणाला, “सर, बघायला लई चांगलंय. पण वजन घ्यायचं काम आता ह्याला लावू नका.” मधले कोरीव काम शाबूत होते, वाळवीने खाल्ली होती ती टोके. लिंटल भिंतीवर टेकते ते टोकांनीच. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच तरी टेकण मिळाले पाहिजे, आणि नेमकी तेवढीच जागा पोकळ निघाली.

मग आमचा एक जुना विद्यार्थी आला. बारावीला मराठीत जेमतेम उत्तीर्ण झालेला हा मुलगा आज उत्तम अभियंता आहे. त्याने विटेच्या तुकड्याने भिंतीवर एक त्रिकोण काढला. लहान दारावर सगळी भिंत बसत नाही; विटा एकमेकींना धरून कमान साधतात आणि लिंटलवर येते ते त्या त्रिकोणापुरते ओझे. नऊ फुटी दारावर मात्र त्रिकोण मावायलाच जागा नाही. वर दोन फुटांवर स्लॅब, दोन्ही बाजूंना जेमतेम दीड-दीड फूट भिंत. तिथे स्लॅबचा भार उतरतो, म्हणून तिथे खोल तुळईच हवी. दगडी पट्टी का नको, या आमच्या प्रश्नावर तो हसला. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. ताण येतो तो पट्टीच्या खालच्या अंगाला. काँक्रीटचेही तेच, म्हणून सळया खालच्या बाजूस. तयार लिंटल कोणी उलटे बसवले तर ते तडकते. त्यासाठी त्यावर रंगाने ‘वर’ असे लिहून ठेवतात. एका क्रियाविशेषणावर भिंत तोललेली असते, हे वर्गात सांगावयास आम्हांस आवडेल.

एवढे झाल्यावर तो म्हणाला, “पण तुमचा प्रश्नच चुकतोय. तीन जागांवर तीन तुकडे कशाला? चारी भिंतींवरून एकच पट्टा फिरवा.” आयएस ४३२६ या भारतीय मानकात भूकंपासाठी हा पट्टा सांगितला आहे: दोन सळयांचा असेल तर जाडी किमान ७५ मिलिमीटर, चार सळयांचा असेल तर १५०. भिंती हलतात तेव्हा प्रथम कोपऱ्यात एकमेकींपासून सुटतात; पट्टा त्यांना सुटू देत नाही.

यानंतर आमच्यातील एक बराच वेळ काही बोलली नाही. त्या सकाळी दाराची चौकट उभीच होती आणि गणेशपट्टी जागच्या जागी होती, असे मामा सांगत. दोन्ही बाजूंच्या भिंती तिला सोडून गेल्या होत्या. आजी दारापासून दोन हातांवर, भिंतीच्या पायाशी सापडली. दार उभे राहिले आणि माणूस गेले, याचा राग कोणावर धरावा हे तिला तीस वर्षे उमगले नव्हते. त्या भागात पुष्कळ ठिकाणी लाकडी सांगाडे असेच उभे राहिले होते आणि दगडी भिंती ढासळल्या होत्या, असे अभियंत्याने सांगितले. पट्टीने आपल्या दारापुरते काम केले होते. भिंतीला भिंतीशी धरून ठेवणारे त्या घरात काही नव्हते.

पट्टा ओतला त्या दिवशी ती सकाळपासून उन्हात उभी होती. चारी कोपऱ्यांत सळया वळवून पुढच्या भिंतीत पुरेशा नेल्या आहेत की नाही, हे तिने स्वतः मोजून घेतले. गवंडी जरासा दुखावला, चहानंतर निवळला. नऊ फुटी तुळईखालचे टेकू चौदा दिवस हलवावयाचे नाहीत, अशी तंबी तिने त्याला दोनदा दिली.

गणेशपट्टी बाजूच्या दारावरच आहे. टोके कापून, पट्ट्याखाली, चौकटीला स्क्रूने बसवली आहे. तिच्यावर कसलाही भार नाही. पट्ट्यावर पाणी धरून ठेवण्यासाठी गोणपाट हवे होते. घरात ज्यात ती गुंडाळलेली होती तेच सापडले. सकाळ-संध्याकाळ आम्ही ते भिजवत होतो.