काटा आणि आकडे

मॉरिस मायनर १००० या गाडीत स्पीडोमीटर चालकाच्या पुढ्यात नाही, डॅशबोर्डाच्या ऐन मध्यावर आहे. चांगला ऐसपैस गोल चेहरा, त्यावर स्मिथ्स या इंग्लिश कंपनीचं नाव, शून्यापासून ९०पर्यंत मैलांचे आकडे, पोटाशी पेट्रोलचा छोटा काटा आणि एका झरोक्यात आजवरच्या धावेची आकडेरांग. चालकाला दिसतो तेवढाच तो शेजारच्याला दिसतो, मागच्या सीटवरून पुढे वाकलेल्या पोरालाही दिसतो. गाडीतल्या सगळ्यांचा त्याच्यावर सारखा हक्क.

इतक्या मानाच्या जागी बसणाऱ्या या गृहस्थाने रस्ता मात्र कधी पाहिलेला नाही. चाकाशीही त्याची ओळख नाही. गिअरबॉक्सच्या मागच्या टोकातून पीळ दिलेल्या पोलादी तारेची एक केबल निघते आणि त्याच्या पाठीत शिरते. गिअरबॉक्सचा दांडा फिरला की केबल फिरते. त्याला कळतं ते एवढंच. दांड्याच्या पुढे डिफरन्शियलचे दाते किती, टायर केवढा, याची माहिती त्याला कारखान्यातून निघतानाच दिलेली असते, तीही एका आकड्यात. स्मिथ्सच्या डायलवर तळाशी बारीक अक्षरात तो छापलेला सापडतो. माझ्या डायलवर १२८० होता. केबलच्या १२८० फेऱ्या म्हणजे एक मैल. ताशी ६० मैल म्हणजे मिनिटाला एक मैल. त्यामुळे त्या वेगाला केबल मिनिटाला बरोबर १२८० फेऱ्या घेते. हा हिशेब मला पहिल्यांदा उमगला तेव्हा त्याच्या साधेपणाने मी हरखून गेलो होतो.

काचेवरची रिंग उकलून आत पाहिलं की कळतं, या एका डब्यात दोन अगदी वेगळ्या स्वभावांची मंडळी राहतात.

पहिला काटा. केबल आत आली की एक लोहचुंबक फिरवते. चुंबकालगत अॅल्युमिनियमची पातळ वाटी असते आणि काटा त्या वाटीच्या दांडीवर बसवलेला असतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेही शिवत नाहीत. अॅल्युमिनियमला चुंबक ओढत नाही, हे शाळेतलं पोरही सांगेल. पण चुंबक फिरू लागला की वाटीत विजेचे भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचं स्वतःचं चुंबकत्व तयार होतं आणि वाटी चुंबकाच्या मागे ओढली जाते. तिला गरगर फिरू न देता धरून ठेवते केसाएवढी बारीक स्प्रिंग. ओढ आणि अडवणूक जिथे सारखी होते तिथे काटा थांबतो. स्ट्रासबुर्गच्या ओटो शुल्झे यांनी १९०२मध्ये याचं पेटंट घेतलं आणि पुढची कितीतरी दशकं जगभरच्या मोटारींचे काटे याच तत्त्वावर हलत राहिले. स्पर्शावाचून ओढून नेणारी ही युक्ती मला यंत्रविद्येतल्या सर्वांत देखण्या कल्पनांपैकी एक वाटते.

काटा देखणा आहे, तसाच हळवाही. चुंबक म्हातारा होऊन त्याचा जोर ओसरला की काटा वेग कमी दाखवू लागतो. ग्रीस वाळून घट्ट झालं की वाटी नको तेवढी ओढली जाते आणि वेग चढा दिसतो. केबलला कुठे मुरड पडली असेल तर तो थरथरतो. कुणी हौसेने केबलमध्ये भरमसाट तेल ओतलं, तर ते पिळाच्या आधाराने वर चढत चुंबक आणि वाटीच्या मधल्या फटीत येतं आणि काटा उडी मारून पार टोकाला जाऊन बसतो.

दुसरे आकडे. त्यांचा चुंबकाशी संबंध नाही. चुंबकाला फिरवणाऱ्या दांड्यावरच मळसूत्रासारखा एक वर्म गिअर कोरलेला असतो. तिथून गरारीला गरारी लागत जाऊन शेवटच्या आकड्याचं चाक कणाकणाने पुढे सरकतं. जुन्या पेढीवरच्या दिवाणजीप्रमाणे हे खातं चोख लिहिलं जातं. अमुक फेऱ्या झाल्या की एक मैल जमा. ऊन असो, थंडी असो, ग्रीस वाळो, चुंबक थको, दात शाबूत आहेत तोवर त्यात फरक पडत नाही. काटा मोजतो या क्षणाचा वेग आणि दुसऱ्या क्षणी विसरतो. आकडे काहीही विसरत नाहीत.

आपण गाडीत बदल केला की या दोघांची खरी ओळख होते. ९४८ सीसी इंजिनाच्या मायनरमध्ये डिफरन्शियल ४.५५५चं होतं, म्हणजे दांड्याच्या तेवढ्या फेऱ्यांत चाकाची एक फेरी; १९६२मध्ये १०९८ सीसी इंजिन आलं तेव्हा ते ४.२२२ झालं. सोलापूर रोडच्या सपाटीवर इंजिन जरा निवांत फिरावं म्हणून माझ्यासारखे कितीतरी मायनरवाले जुन्या गाडीला हे नंतरचं डिफरन्शियल बसवतात. गाडी खूश होते, पण डॅशबोर्डावरच्या या भल्या माणसाला कुणी कळवत नाही. गिअरबॉक्सच्या तेवढ्याच फेऱ्यांत आता गाडी जवळपास ८ टक्के जास्त अंतर कापते. काटा ५० म्हणतो तेव्हा गाडी ५४ने धावत असते. चूक नेमकी घातक बाजूला. मोटारींच्या वेगमापकांबद्दलचा संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम सांगतो, की दाखवलेला वेग खऱ्या वेगापेक्षा कधीही कमी असता कामा नये. जुन्या गाडीला आज हा नियम कुणी लावणार नाही. मी मात्र तो मनोमन लावतो. समोरून एसटी येत असताना ओव्हरटेकचा अंदाज घेणारा माणूस त्या काट्यावर विसंबलेला असतो.

त्यात मैलांचा प्रश्न. आपल्याकडे मेट्रिक मापांचा कायदा १९५६मध्ये झाला आणि १ ऑक्टोबर १९५८पासून ती मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. रस्त्यावरची पाटी ८० म्हणते ती किलोमीटरमध्ये, आणि डायल बोलतं मैलांत. सोपा उपाय म्हणजे किलोमीटरचे आकडे छापलेली नवी चकती डायलवर चिकटवणे. पुष्कळ जण तेवढ्यावरच थांबतात. काट्याला यात त्रास नाही. त्याला फक्त कोन कळतो, कोनापुढे काय लिहिलंय ते कळत नाही. पण झरोक्यातले आकडे मैलच मोजत राहतात. वर किलोमीटर आणि आत मैल, अशी गाडी विकली गेली की पुढच्या मालकाला खरी धाव कधीच कळणार नाही. दुसरा मार्ग केबलच्या मध्ये १.६०९ पटीने वेग वाढवणारी छोटी गिअरपेटी बसवण्याचा. त्याने काटा आणि आकडे दोन्ही किलोमीटर बोलू लागतात, पण चेहऱ्यावर ‘मैल’ तसंच राहतं. मला तेही पटत नाही. करायचंच तर चेहरा, काटा आणि आकडे, तिघांनाही बदलायचं.

पुण्याच्या नाना पेठेत मीटर दुरुस्त करणारे एक वयस्कर कारागीर आहेत. हे काम घेऊन मी त्यांच्याकडे गेलो. डबा हातात घेण्याआधी त्यांनी मला घरी परत पाठवलं. “साहेब, आधी गाडीला विचारा. पुस्तकातला आकडा पुस्तकातल्या गाडीचा.” गाडीला विचारायचं ते असं. केबल मीटरच्या पाठीतून सोडवायची, आतल्या तारेच्या टोकाला पुठ्ठ्याचा बाण लावायचा, जमिनीवर टेपने नेमके १० मीटर आखायचे आणि टायरांत हवा नेहमीची ठेवून गाडी ढकलायची. १० मीटर म्हणजे किलोमीटरचा शंभरावा भाग. बाणाच्या फेऱ्यांना १००ने गुणलं की झालं. आमचा बाण सात पूर्ण फेऱ्या फिरला आणि आठवीच्या तिसऱ्या हिश्शाच्या जरा पुढे थांबला. ७.३७, म्हणजे किलोमीटरला ७३७ फेऱ्या. डायलवरच्या १२८०ला १.६०९ने भागून येतात ७९५. या दोन आकड्यांमधला सगळा फरक त्या डिफरन्शियलचा.

मग टेबलावरचं काम. आकड्यांशी चर्चा होत नाही. तिथे दातच बदलावे लागतात. जुन्या मीटरांच्या सांगाड्यांतून जुळणारी गरारी शोधायची, नाही मिळाली तर कापून घ्यायची. काट्याचं वेगळं. उपटण्याआधी कारागिरांनी तो शून्याच्या खुंटीवरून अलगद उचलून पलीकडे सोडला आणि मोकळा होऊन जिथे स्थिरावला तिथे पेन्सिलीने खूण केली. स्प्रिंगचा मूळ ताण त्या खुणेत असतो. ती हरवली तर परत बसवताना नुसता अंदाज उरतो. चुंबक आधी पुरता भारला आणि मग थोडा थोडा उतरवत आणला. भरपूर भरून थोडा खाली आणलेला चुंबक पुढे बरीच वर्षं बदलत नाही, म्हणून ही उलटी वाट. मोटरला जोडलेला दांडा मिनिटाला ७३७ फेऱ्यांवर स्थिर केला. काटा ६०च्या थोडा मागे राहिला. स्प्रिंगची दांडी किंचित सरकवली. पुन्हा पाहिलं. ३०, ९०, पुन्हा ६०. काट्याला असं समजावत, चुचकारत आणावं लागतं, आणि ते करताना त्या हातांत कसलीही घाई नव्हती.

हल्ली आतलं सगळं काढून उपग्रहाच्या इशाऱ्यावर चालणारी इलेक्ट्रॉनिक मोटर बसवून देतात. वेग अचूक दिसतो. पण चुंबक नाही, वाटी नाही, स्प्रिंग नाही. जुना चेहरा लावलेला तो दुसराच कुणीतरी. माझ्या गाडीत मी त्याला बसू देणार नाही.

शेवटी कारागिरांनी विचारलं, “रनिंग किती लावू?” प्रश्न दिसतो तेवढा सोपा नाही. शून्य लावलं तर गाडीचं आयुष्य पुसलं जातं. जुनेच आकडे ठेवले तर मैलांना किलोमीटर म्हणवल्यासारखं होतं. गुणाकार करावा, तर झरोक्यात खाने पाचच. ६२,१३७ मैल झाले की किलोमीटरचा लाख भरतो आणि चाकं शून्यावर येतात. ७०,००० मैल धावलेल्या गाडीचे १,१२,६५४ किलोमीटर होतात, पण झरोक्यात दिसतील १२,६५४. कुणीही खोटं न बोलता एक लाख किलोमीटर गायब. माझी गाडी ४८,००० मैलांची, म्हणून निभावलं. ७७,२४८ लावायला सांगितले. जुने मैल, नवे किलोमीटर, बदलाची तारीख आणि ७३७ हा आकडा एका कागदावर लिहिला. कारागिरांची सही घेऊन त्याची एक प्रत गाडीच्या कागदांत ठेवली आणि दुसरी मीटरच्या डब्याच्या पाठीवर चिकटवली, म्हणजे पुढे जो कुणी हा डबा उघडेल त्याच्या ती आधी हाताला लागेल.