हर्बर्टचें बेट

पन्नाशी उलटलेल्या प्राध्यापकानें कुणी लपविलेली डबी धुंडाळण्यासाठीं होडींत बसावें, याचें माझें मलाच हंसूं येत होतें. मे २००० मध्यें अमेरिकेनें उपग्रहांच्या संकेतांत मुद्दाम ठेविलेली चूक काढून टाकली, तेव्हांपासून हा ‘जिओकॅशिंग’चा खेळ निघाला: अक्षांश-रेखांशांवरून डबी शोधावयाची, आंतील वहींत सही करावयाची आणि डबी होती तेथें ठेवावयाची. बस्स! इंग्लंडांत स्थायिक झालेल्या माझ्या मित्राला याचें वेड. ‘एकदां ये,’ असें तो वर्षानुवर्षें लिहीत राहिला. मी उत्तरपत्रिकांची सबब सांगत राहिलों. गेलों तो त्याच्या पश्चात्.

डर्वेंटवॉटर सरोवरांतील सेंट हर्बर्टच्या बेटावरील डबींत आपली सही असल्याचें त्यानें कळविलें होतें. त्याच्या मुलानेंच मला केसविकहून वल्हवीत नेलें. सातव्या शतकांत या बेटावर राहणाऱ्या हर्बर्टनें, आपल्याला व आपला स्नेही कथबर्ट याला एकाच दिवशीं मरण यावें, असें मागणें मागितलें; ६८७ सालीं तें पुरें झालें, असें बीड या मठवासी इतिहासकारानें लिहून ठेविलें आहे. (वर्गांत वर्ड्‌स्वर्थ शिकवितांना ही कथा मीं कितीदां रंगवून सांगितली आहे!)

झाडी इतकी दाट कीं यंत्रावरील बाण भरकटूं लागला. अखेर एका मुळाखालीं डबी सांपडली. वहींत मात्र त्याची सही नव्हती. जुनी भिजली म्हणून कोणी तरी नवी वही ठेविली असावी.

“काका, सही करा ना,” मुलगा म्हणाला.

मीं आधीं मित्राचें नांव लिहिलें, मग माझें. तारीख एकच घातली.